शंभरातला सतरावा

चित्राच्या खाली, कागदाच्या डाव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने बारीक लिहिलेलं असतं: १७/१००. उजव्या कोपऱ्यात त्याच पेन्सिलीने सही. मधली सगळी जागा चित्राची. पण गॅलरीत शिरलेलं नवं गिऱ्हाईक आधी डावा कोपरा बघतं, मग उजवा, मग किंमत, आणि घरी पाहुणे यायच्या आत कधीतरी चित्र. शाळेत ज्यांना अपूर्णांकांनी रडवलं, त्यांनीच मोठेपणी एका अपूर्णांकापायी लाखभर रुपये मोजावेत, हा गणिताच्या मास्तरांचा उशिरा लागलेला शाप असावा.

मर्यादित आवृत्तीची छापचित्रं जमवणं हा आपल्याकडच्या खात्यापित्या घरांतला नवा छंद आहे. छंद मात्र कुणी म्हणत नाही. 'इन्व्हेस्टमेंट' म्हणतात. सोनं झालं, म्युच्युअल फंड झाले, तळेगावला प्लॉट झाला, आता भिंत उरली. मूळ कॅनव्हास झेपत नाही आणि पोस्टर लावायची लाज वाटते. या दोहोंच्या मध्ये जी अरुंद गल्ली आहे तिथे छापचित्राचं दुकान. दुकानातला सेल्समन (तो स्वतःला 'आर्ट कन्सल्टंट' म्हणवतो) आवाज खाली आणून सांगतो, "सर, जगात फक्त शंभर." सर कधी विचारत नाहीत की जगात हव्यात किती जणांना.

त्या अपूर्णांकाचं जरा शवविच्छेदन करू. खालचा आकडा म्हणजे आवृत्तीतल्या एकूण प्रती, वरचा म्हणजे ही कितवी. १/१०० ला ८८/१०० पेक्षा चार पैसे जास्त द्यायला लोक एका पायावर तयार असतात. पण छापखान्यात शाई ओली असते. कागद वाळत पडतात, ढीग उलटासुलटा होतो, आणि चित्रकार सवडीने बसून आकडे घालतो तेव्हा यंत्रातून आधी कोणता निघाला हे त्यालाही सांगता येणार नाही. रंगीत छपाईत तर एकच कागद पाच-सहा वेळा यंत्राखालून जातो. तिथे पहिला कुणाला म्हणायचं?

खालचा आकडा तरी पुरा खरा असावा. तोही नाही. शंभराच्या बाहेर ए.पी. असतात, म्हणजे चित्रकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती. साधारण दहा टक्के, मन मोठं असेल तर अधिक. मग पी.पी., मुद्रकाच्या वाट्याच्या. मग एच.सी., म्हणजे विक्रीसाठी नसलेल्या, ज्या यथावकाश विकल्या जातात. शिवाय एक बी.ए.टी., 'असंच छापा' म्हणून चित्रकाराने मंजूर केलेला नमुना. इंजिनिअरिंगच्या जाहीर जागा वेगळ्या आणि मॅनेजमेंट कोटा वेगळा, हे ज्या पालकांनी सोसलंय त्यांना यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

ही मर्यादा आली कुठून? तत्त्वातून नव्हे, तांब्यातून. ड्रायपॉइंट नावाच्या पद्धतीत चित्रकार सुईने तांब्याच्या पत्र्यावर थेट ओरखडतो. रेघेच्या कडेला धातूची बारीक कूस उभी राहते, ती शाई धरून ठेवते आणि छाप मखमलीसारखा मऊ उमटतो. पण यंत्राचा दाब असा की काही डझन प्रतींत ती कूस चेपून जाते. पुढच्या प्रती फिक्या. तेव्हा आधीची प्रत महाग आणि नंतरची स्वस्त, हा साधा व्यवहार होता. तो कळायला डोळे पुरत. मग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तांब्याच्या पत्र्यावर पोलादाचं पातळ कवच चढवायची युक्ती निघाली. आता हव्या तेवढ्या प्रती काढा, रेघ झिजायची नाही. आणि नेमकं त्याच अर्धशतकात युरोपातल्या चित्रकारांना आणि व्यापाऱ्यांना मर्यादेची गोडी लागली, पेन्सिलीच्या सह्या सुरू झाल्या, पुढे आकडे आले. अमर्याद छापणं शक्य झालं, तेव्हाच थोडं छापण्यातला पैसा दिसला.

त्याआधीच्या थोरांनी आकडेबिकडे घातले नाहीत, आणि त्यांच्या पत्र्यांचं पुढे काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. रोग्यांना बरं करणारा येशू दाखवणारं रेम्ब्रांटचं एक एचिंग 'हंड्रेड गिल्डर प्रिंट' म्हणून ओळखलं जातं. त्याला मिळालेल्या मोठ्या किमतीवरून नाव पडलं. (खुद्द रेम्ब्रांटचं १६५६ साली दिवाळं वाजलं ते वेगळं.) त्याचा झिजलेला पत्रा अठराव्या शतकात विल्यम बेली नावाच्या एका आयरिश कप्तानाच्या हाती लागला. कप्तानाने १७७५ च्या सुमारास रेघा पुन्हा कोरल्या, प्रती काढून विकल्या, आणि मग पत्रा कापून त्याचे चार तुकडे केले. तुकड्यांच्याही प्रती काढल्या. येशू एकीकडे, रोगी दुसरीकडे. रेम्ब्रांटचे जवळपास ऐंशी पत्रे आजही शिल्लक आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच पत्र्यांवरून अगदी विसाव्या शतकापर्यंत छपाई चालू होती. तेव्हा 'अस्सल रेम्ब्रांट एचिंग' असं म्हणणारा विक्रेता खोटं बोलत असेलच असं नाही. पत्रा रेम्ब्रांटचाच. फक्त छापताना रेम्ब्रांटला जाऊन दोन-अडीचशे वर्षं झाली होती, एवढं सांगायचं राहून जातं.

गोयाची गंमत उलटी. त्याने १७९९ साली 'लोस काप्रिचोस' हा ऐंशी चित्रांचा संच काढला आणि माद्रिदमध्ये अत्तरं आणि मद्य विकणाऱ्या एका दुकानात विकायला ठेवला. सुमारे तीनशे संच छापले होते. त्याच्याच हिशेबाप्रमाणे गिऱ्हाइकांनी नेले सत्तावीस. शेवटी १८०३ मध्ये उरलेले संच आणि पत्रे त्याने राजाला देऊन टाकले आणि बदल्यात मुलाला पेन्शन लावून घेतली. कलेतून कायमचं उत्पन्न काढण्याचा त्याहून भरवशाचा मार्ग अजून कुणाला सापडलेला नाही. पुढे सरकारी छापखान्याने त्या पत्र्यांवरून १९३७ पर्यंत आवृत्त्या काढल्या.

हे असं होऊ नये म्हणून पत्रा रद्द करायची रीत निघाली. आवृत्ती पुरी झाली की पत्र्यावर आडव्यातिडव्या रेघा मारायच्या, आणि मारल्या याचा पुरावा म्हणून त्या खराब पत्र्याची एक प्रत काढून ठेवायची. पुरावाही विकला जातो हे सांगायला नकोच. देगा १९१७ मध्ये वारला, त्यानंतर व्होलार या पॅरिसच्या नामांकित व्यापाऱ्याने त्याचे असे रद्द केलेले पत्रे मिळवले आणि काट मारलेल्या रेघांसकट छापून विकले. पुढच्या पिढीने ते आवडीने घेतले.

मर्यादेचा मागमूसही नसलेलं चित्र पाहायचं तर होकुसाईची लाट. १८३१ च्या सुमारास एडोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, लाकडी ठशांवरून ती हजारोंनी छापली. अंदाज आठ हजारांपर्यंत जातो. किंमत दोन वाट्या नूडल्सएवढी. सही पेन्सिलीने नाही, ठशातच कोरलेली, म्हणजे सगळ्यांना सारखी. लोकांनी घेतली, दाराला डकवली, फाडली, टाकली. आज जगभरात शोधून शोधून शंभर-सव्वाशे प्रतींची नोंद लागते. ठसा झिजत गेला तशा काही रेघा तुटल्या, आणि चित्राच्या नावाभोवतीच्या चौकटीची रेघ कुठे तुटली आहे यावरून प्रत आधीची की नंतरची हे अभ्यासक सांगतात. आधीच्या एका प्रतीला २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सत्तावीस लाख डॉलरच्या वर बोली लागली. जपानने २०२४ मध्ये ती लाट हजार येनच्या नोटेवर घेतली. म्हणजे पुन्हा अमर्यादित आवृत्ती, आणि या वेळी आकडा प्रत्येक प्रतीवर, सरकारी खर्चाने.

आताच्या मंडळींनी मात्र मर्यादा या कल्पनेला चांगलंच ताणलं. साल्वादोर दालीचा उत्तरार्ध घ्या. १९७४ मध्ये फ्रान्सच्या कस्टमवाल्यांनी अँडोराकडे जाणारा ट्रक अडवला, त्यात चाळीस हजार कोरे कागद. प्रत्येकावर दालीची सही. चित्र पुढे कुणीतरी सवडीने छापणार होतं. आपल्याकडे सह्या केलेलं कोरं चेकबुक मेहुण्याच्या हाती देणारे लोक आहेत, पण त्यांनाही मर्यादा असते. दालीचं छापचित्र आज लिलावगृहं दहादा उलटून बघतात ते उगीच नाही.

डेमियन हर्स्टने २०२१ मध्ये आणखी सुटसुटीत उपाय काढला. चेरीच्या बहराची आठ छापचित्रं, प्रत्येकी तीन हजार डॉलर, सहा दिवस विक्री. त्या सहा दिवसांत जेवढी मागणी येईल तेवढी आवृत्ती. सात हजारांवर प्रती गेल्या. मर्यादा होती, पण चित्राला नव्हे, घड्याळाला. त्याच वर्षी त्याने ठिपके काढलेले दहा हजार कागद विकायला काढले आणि घेणाऱ्यांना पर्याय दिला: कागद ठेवा नाहीतर एनएफटी, म्हणजे त्याच चित्राची डिजिटल मालकी, ठेवा. ज्यांनी एनएफटी ठेवला त्यांचे कागद दुसऱ्या वर्षी लंडनमध्ये कॅमेऱ्यांसमोर जाळले. कागदांवर २०१६ असं साल होतं. त्यांतले किमान हजारभर प्रत्यक्षात दोन-तीन वर्षांनंतर तयार झाले होते, अशी बातमी 'गार्डियन'ने २०२४ मध्ये दिली. यावर साल हा कल्पनेचा भाग आहे, असा खुलासा झाला. भाडेकराराचा स्टँपपेपर मागच्या तारखेचा मिळवून देणारा कोर्टाबाहेरचा वेंडर हे वाचून हळहळला असेल. त्याला कुणी कलावंत म्हटलं नाही.

आता आपल्या घरात या. घरात म्हणजे देवघरात.

राजा रविवर्म्याला नेमकं उलटं हवं होतं. माधवराव या दिवाणांनी त्याला सल्ला दिला होता की, तुमच्या चित्रांना एवढी मागणी आहे की दोन हात पुरे पडणार नाहीत; निवडक चित्रं युरोपात पाठवून ओलिओग्राफ करून घ्या. रविवर्म्याने युरोपच इकडे आणायचं ठरवलं. १८९४ मध्ये भावाबरोबर मुंबईत घाटकोपरला छापखाना काढला, जर्मनीहून यंत्रं आणि माणसं आणली, आणि शकुंतलेच्या जन्माच्या चित्रापासून सुरुवात केली. मुंबईच्या प्लेगने माणसं पळवली तशी यंत्रंही पळवली. छापखाना कार्ल्याजवळ मळवलीला गेला. धंदा मात्र जमेना. शेवटी रविवर्म्याने तो चित्रं छापायच्या हक्कांसकट आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रित्झ श्लायशरला, विकला. श्लायशरने त्यातून पैसा केला. त्या छापखान्यात काम केलेल्यांपैकी एक धुंडिराज गोविंद फाळके; त्यांनी पुढे देव पडद्यावर हलवले.

पंचायत अशी की ओलिओग्राफला अपूर्णांकच नाही. एकेका रंगासाठी दगडाची वेगळी शिळा, मग वर चकाकी, कधी कॅनव्हासचा भास व्हावा म्हणून पोत दाबलेला. शिळा महाग, म्हणून काम झालं की वाळू-पाण्याने घासून तीच पुन्हा वापरायची. पत्रा रद्द करण्याचा समारंभ नाही, पुराव्याची प्रत नाही. कमळावरची लक्ष्मी आणि वीणाधारी सरस्वती लाखो घरांत गेल्या, साबणाच्या आणि बाळांच्या औषधाच्या जाहिरातींवरही बसल्या. "ही लक्ष्मी कितवी?" असं कुणी विचारलं असतं तर दुकानदाराने त्याला आधी पाणी प्यायला दिलं असतं.

मग आज त्या चित्रांमागे संग्राहक का धावतात? कारण मर्यादा आपोआप पडली. कसर लागली, वाळवी लागली, कोकणातल्या पावसाने कागद काचेला चिकटला. फ्रेमवाल्याकडे चौकट ठरावीक मापाची होती, म्हणून त्याने चित्राचे समास कापले, आणि समासातच तर छापखान्याचं नाव होतं. काच फुटली, रंग उडाला की भंगलेली तसबीर भिंतीवर ठेवायची नाही, ही आपली रीत. ती नदीत सोडायची किंवा पिंपळाच्या पारावर ठेवून यायची. या आवृत्तीचा खालचा आकडा कृष्णा-गोदावरीने ठरवला. उरलासुरला साठा आणि यंत्रं १९७२ मध्ये छापखान्याला लागलेल्या आगीत गेली.

आता चोरबाजारात जा. विक्रेता म्हणेल, शंभर वर्षं जुनं, रविवर्मा प्रेस. तुम्ही काही बोलू नका, खिशातून भिंग काढा आणि देवीच्या गालावर धरा. शिळेवरच्या छपाईत ठिपके वेडेवाकडे, हाताने दिलेले, लहानमोठे दिसतात. ते शिस्तीत फुलासारखं रिंगण करून उभे असतील तर ऑफसेट. देवी तुमच्यापेक्षा वयाने लहान असण्याची शक्यता आहे. समास शाबूत आहे का बघा. खाली छापखान्याचं नाव आहे का बघा. कागदाचा पिवळेपणा कडेला जास्त आणि मध्ये कमी असा आहे, की सगळीकडे एकसारखा? सगळीकडे सारखं म्हातारं काही होत नाही, चहाच्या पाण्याशिवाय. काही तसबिरींवर घरातल्या बायकांनी जर, टिकल्या आणि कापड लावून देवीला खरं लुगडं नेसवलेलं असतं. एरवी छापचित्रात सुई घातली तर संग्राहक हाय खाईल. इथे त्याच सुईमुळे भाव चढतो, कारण त्या क्षणी ती प्रत एकुलती एक झाली. कपाळाच्या जागी लागलेल्या कुंकवाचं काय, यावर बाजारात मतभेद आहेत. विकत घेताना त्याला डाग म्हणतात, विकताना इतिहास.

याच रविवर्म्याची 'लिमिटेड एडिशन' आता कॅनव्हासवर मिळते. फक्त अडीचशे, सोबत प्रमाणपत्र. रविवर्मा १९०६ मध्ये गेला. त्याच्या चित्रांवरचे हक्क संपून जमाना झाला. तुम्ही, मी, कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला, कुणीही ती छापू शकतो. मग अडीचशेवर थांबायचं वचन कुणी कुणाला दिलं? विक्रेत्याने स्वतःला. आणि तेही ठरावीक मापापुरतं. चोवीस इंचाच्या अडीचशे संपल्या की तीस इंचाच्या नव्या अडीचशे. प्रमाणपत्रावर सही विक्रेत्याचीच, चित्राखाली चित्रकाराची. दोघांपैकी एकच जिवंत असल्यामुळे तक्रार कुणाकडे करायची याचा घोळ होत नाही.

खरी मर्यादित आवृत्ती म्हणाल तर चित्तप्रसादांची. १९४३ च्या दुष्काळात हा चित्रकार मिदनापूर जिल्ह्यात फिरला, जे दिसलं ते काढलं आणि लिहिलं, आणि त्याचं 'हंग्री बेंगॉल' हे पुस्तक निघालं. पाच हजार प्रती छापल्या. ब्रिटिश सरकारने त्या जप्त करून जाळल्या. चित्रकाराच्या घरच्यांकडे एक उरली, ती बँकेच्या लॉकरमध्ये राहिली, आणि २०११ मध्ये दिल्लीच्या एका गॅलरीने तिच्यावरून हुबेहूब पुनर्मुद्रण काढलं. १/५०००. असा अपूर्णांक पेन्सिलीने घालता येत नाही. चित्तप्रसाद पुढे बरीच वर्षं मुंबईत अंधेरीला राहिले, लिनोवर कोरत राहिले. तेव्हा त्यांना विचारायला फारसं कुणी गेलं नाही. आज त्यांच्या कामाचा लिलाव होतो तेव्हा सभागृहात एसी असतो आणि मध्यंतरात खायला असतं.

तर, घ्यायचंच असेल तर घ्या, माझी ना नाही. फक्त सेल्समनने आवाज खाली आणला की आपला थोडा वर न्यावा. ए.पी. धरून एकूण प्रती किती? याच चित्राची दुसऱ्या मापात आवृत्ती आहे का? छापलं कुणी, कुठे, कोणत्या कागदावर? पत्रा, शिळा, स्क्रीन, जे काही असेल त्याचं पुढे काय केलं? चित्रकाराने छापखान्यात हात काळे केले, की मूळ चित्राचा फोटो पाठवला आणि शेवटी सहीपुरता आला? दोन्ही प्रकार राजरोस चालतात, पण दोन्हींचा भाव एक नसावा. आणि सगळ्यात शेवटी, चेक लिहायच्या आधी: हेच चित्र तीन वर्षांनी तुम्ही माझ्याकडून परत घ्याल का? या प्रश्नावर सेल्समनला फोन येतो.

परत विकायला निघालात की कळतं, शंभरपैकी नव्व्याण्णव जण त्याच रांगेत आहेत. लिलावगृहाचा माणूस १७/१०० कडे बघतही नाही. तो चौकट खोलायला सांगतो. फ्रेमवाल्याने स्वस्त पुठ्ठा लावला म्हणून कागदावर तपकिरी पट्टा उमटलेला असतो. मागून सेलोटेप. बाल्कनीसमोरच्या भिंतीवर पश्चिमेचं ऊन खाऊन लाल रंगाचा गुलाबी झालेला. 'कंडिशन रिपोर्ट' नावाचा एक कागद तो भरतो, आणि भरताना दातांतून जो 'च्च' असा आवाज काढतो त्याची किंमत साधारण चाळीस टक्के.

सहीचं मोल कळलेला माणूस एकच, अँडी वॉरहॉल. त्याने १९६७ मध्ये मर्लिन मन्रोचे दहा चित्रांचे अडीचशे संच काढले. पुढे युरोपात 'संडे बी. मॉर्निंग' या नावाने तशाच मर्लिन बाजारात आल्या, त्याच्या परवानगीची वाट न बघता. त्यांच्या पाठीवर चक्क शिक्का असे की, इथे आपापली सही करा. लोक त्या प्रती घेऊन वॉरहॉलकडेच जात. तो काहींवर लिहून देई, 'हे माझं नाही', आणि खाली सही करी. बिनसहीच्या प्रतींपेक्षा त्या प्रतींना भाव जास्त आहे.